तारीख गाठणारी पिल्लं

[दृश्य: पाणवाटेच्या पायऱ्यांवरून उसळी मारत वर चढणारे मासे]

उत्तर कॅलिफोर्निया, ऑक्टोबर महिना. सॅक्रामेंटो नदीला मिळणाऱ्या बॅटल क्रीक या ओढ्याच्या काठी कोलमन मत्स्यबीज केंद्र 1942 पासून सुरू आहे. चिनूक सॅमन हा समुद्रात वाढून अंडी घालायला नदीत परतणारा मासा. शास्ता धरणानं त्याचा वरच्या प्रजननक्षेत्राकडे जाणारा रस्ता अडवला, त्याची ही भरपाई. इथून दरवर्षी शरद हंगामातल्या (म्हणजे शरदात नदीत परतणाऱ्या) चिनूकची सुमारे 1 कोटी 20 लाख पिल्लं सोडायचं उद्दिष्ट असतं. (आपल्या मासळीबाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात खरं, पण रावस वेगळ्याच कुळातला. या माशाशी त्याचं नातं नाही.)

नदीतही चिनूकची मादी अंडी घालून मरतेच. इथे तिला मारून पोट चिरतात आणि अंडी कोरड्या बादलीत घेतात. एका मादीची अंडी साधारण 5,000, आकारानं वाटाण्याएवढी. बादली कोरडी का? पाणी लागताच नराच्या मिल्टमधले (वीर्यातले) शुक्राणू जागे होतात आणि मिनिटभरही टिकत नाहीत. अंड्याचं सूक्ष्म छिद्रही पाण्यात लवकर मिटतं. म्हणून आधी मिल्ट मिसळायचं, मग पाणी घालायचं. पुढच्या तासाभरात अंडं पाणी शोषून टणक होतं. आयोडीनच्या 100 पीपीएम (दहा लाख भागांत 100 भाग) द्रावणात 10 मिनिटं ठेवलं की कवचावरचे जंतू मरतात. मूत्रपिंडाच्या रोगाचे जीवाणू मात्र अंड्याच्या आत असतात, तिथे आयोडीन पोचत नाही. त्यासाठी मादीच तपासावी लागते, आणि ती रोगी निघाली तर तिची अंडी बाद करायची.

[दृश्य: एकावर एक रचलेले उबवणीचे ट्रे, वरून खाली झिरपणारं पाणी]

इथून पुढे कॅलेंडर बाजूला आणि थर्मामीटर हातात. रोजच्या पाण्याचं सरासरी तापमान सेल्सिअसमध्ये घेऊन त्याची बेरीज करत जायची. बेरीज साधारण 250 झाली की अंड्यात डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसतात, 500 ला पिल्लू बाहेर येतं आणि 900 च्या आसपास ते पोहत वर यायला लागतं. पाणी 10 अंश असेल तर हेच 25, 50 आणि 90 दिवस होतात. 8 अंशांना पन्नास दिवसांचे बासष्ट.

दुसऱ्या दिवसापासून डोळे दिसेपर्यंत अंड्यांना धक्का लागता कामा नये, इतकी ती नाजूक असतात. डोळे दिसले की मात्र मुद्दाम धक्का देतात: ट्रेमधून बादलीत थोड्या उंचीवरून ओततात. फलन न झालेली अंडी त्या दणक्यानं पांढरी पडतात, मग यंत्र ती वेचून काढतं. मेलेलं अंडं तसंच राहिलं तर त्यावर कापसासारखी बुरशी धरते आणि शेजारच्या जिवंत अंड्यांना वेढते. तिला आवरायला फॉर्मॅलिनचं 1,667 पीपीएमचं पाणी 15 मिनिटं सोडतात.

बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटाला नारिंगी बलकाची पिशवी लटकत असते. नदीत ते खडीच्या फटीत अंधारात पडून राहतं. ट्रेच्या गुळगुळीत तळावर त्याला आधार मिळत नाही, ते सारखं वळवळतं आणि वाढीसाठी असलेला बलक त्यातच खर्ची पडतो. म्हणून उजेड टाळायचा, आणि काही केंद्रं तळाशी प्लॅस्टिकची जाळी टाकतात.

[दृश्य: सिमेंटच्या लांबट टाकीत पिल्लांचा पहिला दिवस]

सगळ्यात नाजूक निर्णय म्हणजे टाकीत कधी सोडायचं. लवकर सोडलं तर बलकाचं ओझं घेऊन पिल्लं तळाशी ढीग करून बसतात आणि गुदमरतात. उशीर झाला तर भुकेनं खंगतात, पुढे दाणा टाकला तरी उचलत नाहीत. त्यांचं डोकं मोठं आणि अंग काडीसारखं होतं. यासाठी एक सोपं गणित आहे. मिलिग्रॅममधल्या वजनाचं घनमूळ काढा, 10 नं गुणा आणि मिलिमीटरमधल्या लांबीनं भागा. 400 मिलिग्रॅम वजन आणि 38 मिलिमीटर लांबी असेल तर उत्तर 1.94. उत्तर 1.9 ते 1.95 च्या घरात आलं की पिल्लू तयार. ते पृष्ठभागावर येऊन हवा गिळतं, हवेची पिशवी भरतं आणि मग बारीक भुकटीसारखं खाद्य दिवसातून अनेकदा, थोडंथोडं द्यायचं. आपल्याकडची मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली ही पिल्लांच्या वाढीची शिडी चढायला रोहू-कटल्याला उन्हाळी पाण्यात काही आठवडे पुरतात. इथे महिने लागतात.

2020 च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या केंद्रांमध्ये नुकतीच खायला लागलेली पिल्लं गिरक्या घेत कुशीवर पडू लागली. खाद्यात दोष नव्हता, पाण्यातही नव्हता. त्यांच्या आयांनी समुद्रात प्रामुख्यानं अँकोव्ही खाल्ले होते. त्या माशात जीवनसत्त्व ब-1 मोडणारं विकर असतं, आणि अंड्यात ते जीवनसत्त्व कमी उतरलं होतं. थायामिनच्या, म्हणजे याच ब-1 च्या, पाण्यात बुडवल्यावर पिल्लं काही तासांत सावरली.

टाकीत गर्दी, उरलेलं खाद्य आणि अमोनिया वाढला की कल्ल्यांचा जीवाणूरोग आलाच. औषध द्यायच्या आधी खाद्य थांबवा आणि पाण्याचा प्रवाह वाढवा. ऑक्सिजनची मागणी खाल्ल्यानंतर वाढते, त्यामुळे तो पहाटेच नव्हे तर तेव्हाही मोजायचा.

शरद हंगामातल्या पिल्लांना एप्रिलपर्यंत सुमारे 75 मिलिमीटर आणि 5 ग्रॅम गाठायचं असतं, कारण पुढे खालच्या नदीचं पाणी तापतं. पुढे ओळख पटावी म्हणून त्यांच्यापैकी पाव भागाच्या नाकाडात जेमतेम 1.1 मिलिमीटर लांबीची सांकेतिक तार घालतात आणि पाठीवरचा शेपटीजवळचा मांसल पर कापतात. वर्षभर ठेवायच्या पिल्लांचा प्रश्न उलटा असतो. शरदात त्यांना भरपूर खाऊ घातलं तर चरबी चढते आणि काही नर समुद्र न पाहताच वयात येतात. अमेरिकेतल्याच कोलंबिया नदीच्या खोऱ्यातल्या केंद्रांना हे चांगलंच ठाऊक आहे, म्हणून तिथे थंडीत खाद्य मुद्दाम आखडतं ठेवतात.

[दृश्य: चंदेरी झालेली पिल्लं प्रवाहाच्या दिशेनं]

दिवस मोठे होतात तसं अंगावरचे पट्टे पुसतात आणि चांदी चढते. कल्ल्यांमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप खाऱ्या पाण्यासाठी जागा होतो. चाचणी अशी: काही पिल्लं 24 तास समुद्राएवढ्या खाऱ्या पाण्यात ठेवायची आणि रक्तातलं सोडियम मोजायचं. ते लिटरमागे सुमारे 170 मिलिमोलच्या खाली राहिलं तर ती समुद्राला तयार.

याच काळात पिल्लू आपल्या ओढ्याच्या पाण्याचा वासही लक्षात ठेवतं, मोठेपणी त्याच्याच मागावर परत यायला. 2014 आणि 2015 च्या दुष्काळात नदी धोक्याची वाटली, म्हणून पिल्लं ट्रकनं खाडीच्या जवळ नेऊन सोडली. ती वाचली, पण मोठी होऊन परतताना पुष्कळशी भलत्याच नद्यांत शिरली आणि कोलमनच्या दारात अंड्यांसाठी मासे कमी पडले. पाणी असेल त्या एप्रिलात टाक्यांची दारं बॅटल क्रीकमध्येच उघडतात.