टपरीला नोटीस, अ‍ॅपला नाही

(कोल्हापुरातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका वकिलांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

अध्यक्ष महाराज आणि या उकाड्यात रंकाळ्यावरचा वारा सोडून इथं पंख्याखाली येऊन बसलेली मंडळी,

'परकीय मालकीच्या समाजमाध्यमांवर सरकारनं बंदी घालावी का?' हा विषय संयोजकांनी दिला. पत्रिकेवर प्रश्नचिन्ह छापलंय, पण मला फोन करणाऱ्या कार्यकर्त्यानं ते मनातून कधीच खोडलेलं होतं. "साहेब, बंदी पायजेच. तेवढं कायद्यात बसवून सांगा," म्हणाला. कायद्यात बसवून द्यायची माझी फी वेगळी असते. आज फुकट आलोय, त्यामुळं मला वाटतं ते बोलणार.

आधी कबुली देतो. 29 जून 2020 ला रात्री बातमी आली की टिकटॉकसह 59 चिनी अ‍ॅप बंद, तेव्हा मी घरात टाळी वाजवली होती. गलवानला आपले 20 जवान गेल्याला दोन आठवडे झाले होते. आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, जिथं फौजेत माणूस नाही असं घर शोधावं लागतं. त्या आठवड्यात तिथल्या पारावर जाऊन 'पण बंदीचा आदेश कुणी वाचलाय का?' असं विचारायची माझी छाती झाली नसती. आणि खरं सांगतो, तो प्रश्न मला सुचलाही नव्हता.

सुचला तो कोर्टं पुन्हा सुरू झाल्यावर. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावातला हलगीवाला ऑफिसात आला. लग्नाच्या वराती, कुस्तीचं मैदान, जत्रा, जिथं बोलावतील तिथं वाजवणारा. लॉकडाऊनमध्ये सुपाऱ्या बंद होत्या, पण टिकटॉकवर त्याचे व्हिडिओ बघणारे हजारो झाले होते. मला वाटलं, धंदा बुडाला म्हणून भरपाई मागायला आला असणार. त्याचं वेगळंच होतं. त्याच्या वडिलांचं आदल्या वर्षी निधन झालं होतं. दोघं बापलेक समोरासमोर बसून वाजवतायत, शेवटी म्हातारा हलगीचं टिपरू तोंडात धरून नुसत्या बोटांनी ठेका धरतो, असा एक व्हिडिओ त्यानं टाकला होता. ज्या मोबाइलवर काढला तो 2019 च्या पुरात गेला. मूळ प्रत त्या अ‍ॅपवरच राहिली. "सरकारच्या विरोधात काय न्हाई साहेब," तो म्हणाला, "तेवढा एक व्हिडिओ काढून घ्यायला एक दिवस मिळंल का?"

माझी इतकी वर्षं वकिलीत गेली. या माणसानं अर्ज कुणाकडं करायचा, ते मला सांगता आलं नाही.

आता कायदा बघू. कंटाळा येईल, पण पाच मिनिटं सोसा. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चा, त्यातलं कलम 69 क, इंग्रजीत सिक्स्टी नाइन ए म्हणतात ते. देशाचं सार्वभौमत्व, संरक्षण, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठी केंद्र सरकार इंटरनेटवरची माहिती लोकांपर्यंत पोचण्यापासून रोखू शकतं. कारणं लेखी नोंदवावी लागतात. इथवर ठीक आहे. 2015 साली श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कुप्रसिद्ध 66 क रद्द केलं, पालघरच्या दोन पोरींना फेसबुकच्या एका पोस्टवरून उचललं होतं ते आठवतंय का, ते कलम. पण 69 क टिकवलं. का टिकवलं? कारण त्यात लेखी कारणं आहेत, समिती आहे, कार्यपद्धती आहे, म्हणून. लेखी कारण असलं की त्याला कोर्टात आव्हान देता येतं, असा तो हिशोब.

आणि 2009 च्या नियमांत सोळावा नियम काय म्हणतो? तक्रारी आणि त्यावरची कारवाई कडेकोट गुप्त ठेवायची. म्हणजे कारण लिहायचं, आणि लिहून कपाटात ठेवायचं.

याच्या शेजारी दुसरा निकाल ठेवा. 10 जानेवारी 2020, अनुराधा भसीन खटला, काश्मीरमधलं इंटरनेट. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, इंटरनेट बंद करायचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे बाधित माणसाला ते आव्हान देता येतील. म्हणजे आख्खं इंटरनेट बंद केलं तर आदेश दाखवायचा, आणि त्याच इंटरनेटवरचं एक अ‍ॅप बंद केलं तर दाखवायचा नाही. मी हे ज्युनिअरांना सांगतो तेव्हा त्यांना वाटतं मी चुकीचं वाचलंय.

आपल्या शहरात टपऱ्या काढायला महापालिकेची गाडी येते. माणसं आरडाओरडा करतात, एखादा जेसीबीपुढं आडवा होतो, मग आम्हा वकिलांकडं पहिला प्रश्न येतो: नोटीस मिळाली होती का? नोटीस नसेल तर स्टे मिळायला बरीच सोय होते. सहा बाय चारच्या टपरीला जे मिळतं, ते टिकटॉकवरच्या भारतातल्या सुमारे 20 कोटी माणसांना मिळालं नाही. कंपनीचं मी म्हणत नाही. कंपनीनं आपले वकील लावले असतील, ते माझ्यापेक्षा भारी आणि माझ्यापेक्षा महाग. मी वापरणाऱ्याचं बोलतोय.

आता तुमच्यातले काहीजण म्हणतील, वकील चीनची बाजू घेतोय. नाही घेत. धोका खरा आहे. चीनच्या 2017 च्या गुप्तवार्ता कायद्याचं सातवं कलम सांगतं की तिथल्या प्रत्येक संस्थेनं आणि नागरिकानं सरकारच्या गुप्तचर कामाला मदत करायची. डिसेंबर 2022 मध्ये टिकटॉकच्या मालक कंपनीनं, बाइटडान्सनं, स्वतः मान्य केलं की तिच्या कर्मचाऱ्यांनी पत्रकारांचा डेटा उघडून बघितला. आतली बातमी कोण फोडतंय ते शोधायला. डिसेंबर 2024 मध्ये रोमानियाच्या घटनात्मक न्यायालयानं राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरीच रद्द केली, त्यामागं टिकटॉकवरच्या प्रचाराबद्दलचे आक्षेप होते. आणि 2009 पासून फेसबुक बंद ठेवणारा चीन दुसऱ्याच्या बंदीवर गळा काढतो, ते ऐकून हसू येतं.

पण मालक परदेशी, म्हणून धोका, एवढ्यावर थांबलं तर पुढचं दिसत नाही. 29 जूनला टिकटॉक गेलं. 8 जुलैला इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणलं. सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्सची सुरुवात भारतातूनच केली. मोज, चिंगारी अशी आपली अ‍ॅप पुढं आली, पोरांनी महिना-दोन महिने कौतुकानं वापरली. गल्लीतली सगळी पोरं आज कुठं आहेत ते मात्र तुम्हाला माहीत आहे. आपला डेटा बीजिंगच्या वाटेवरून काढून कॅलिफोर्नियाच्या वाटेला लावला, आणि त्याला आपण आत्मनिर्भर म्हणालो. पब्जीचं तर आणखी मजेशीर. सप्टेंबर 2020 मध्ये 118 अ‍ॅपच्या यादीत बंद झालं. 2021 मध्ये कोरियाच्या कंपनीनं तोच खेळ भारताचं नाव लावून परत आणला, 2022 मध्ये तो पुन्हा गायब, 2023 मध्ये पुन्हा हजर. माझा पुतण्या या सगळ्या काळात एकदाही अभ्यासाला बसलेला मी बघितला नाही, ते जाऊ दे.

2018 मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिका या ब्रिटिश कंपनीचं प्रकरण उघडकीस आलं. 8 कोटी 70 लाख लोकांचा फेसबुकवरचा डेटा त्यांच्या नकळत राजकीय प्रचारवाल्यांकडं गेला होता, त्यात आपले साडेपाच लाखांवर. ती कंपनी काही चिनी नव्हती. मित्रदेशाची होती.

आणि आपल्या घरचं बोलू. 7 जून 2023. मोबाइलच्या स्टेटसवरून आपलं शहर पेटलं. शिवाजी चौकात दगड, लाठ्या, अश्रुधूर, आणि मग इंटरनेट बंद. मी त्या वेळी एका मिसळीच्या दुकानात होतो. फोनवरून पैसे जाईनात, खिशात रोकड नाही. मालकानं पाठकोऱ्या वहीत नावं लिहून घेतली, माझ्या नावापुढं 'वकील' लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं. स्टेटस ज्या अ‍ॅपवर होतं ते व्हॉट्सअ‍ॅप अमेरिकेचं. पण स्टेटस ठेवणारे इथले, ते स्क्रीनशॉट काढून फिरवणारे इथले, दगड आपल्याच रस्त्याकडेचे. मालक बदलून यातलं काय टळलं असतं? शाहू महाराजांच्या गावात हे झालं, याची मला अजून लाज वाटते.

तेच अ‍ॅप आणखी कशाला लागतं बघा. पावसाळ्यात आपण सकाळी देव बघायच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. हे आकडे आपल्याला कुठल्या सरकारी फलकावर दिसतात? ग्रुपवर दिसतात. जून 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं आपल्या चपलेसारखी चप्पल चालवली, कोल्हापूरचं नाव न घेता. बोंब कुठून उठली? परकीय कंपन्यांच्याच अ‍ॅपवरून उठली, आणि इतकी उठली की त्या कंपनीला भारतीय कारागिरीचं ऋण मान्य करावं लागलं. 2019 साली मिळालेलं भौगोलिक मानांकन कागदावर होतंच. त्या कागदाला आवाज मिळाला तो असा.

मग मालकीचा प्रश्न खोटा का? नाही. तो फार जुना आहे, आणि तो सोडवायची सभ्य रीत सुद्धा जुनी आहे. बातम्यांच्या वर्तमानपत्रात परकीय गुंतवणूक 26 टक्क्यांच्या वर नाही, हा आपल्याकडचा नियम आहे. 2019 पासून डिजिटल बातम्यांनाही तोच आकडा. अमेरिकेत तेव्हा परक्या माणसाला टीव्ही केंद्र घेता येत नव्हतं, म्हणून रूपर्ट मरडॉकनं 1985 मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून अमेरिकेचं घेतलं. याला कुणी बंदी म्हणालं नाही. नियम आधी छापलेला होता, सगळ्यांना सारखा होता, ज्याला धंदा करायचा त्यानं तो वाचून करावा. मग पुण्या-कोल्हापूरच्या बातमीच्या पोर्टलला 26 टक्क्यांची मर्यादा, आणि ज्या कंपनीच्या पडद्यावर ती बातमी कुणाला दिसावी हे ठरतं तिला कसलीच नाही, कारण ती म्हणते 'आम्ही छापत नाही, आम्ही नुसते मध्यस्थ'. मध्यस्थ! बाजार समितीत अडत्या नुसता मध्यस्थच असतो. कुणाचा माल आधी सौद्याला लावायचा हे त्याच्या हातात असलं की काय होतं, ते शेतकऱ्याला विचारा.

अमेरिकेनं 2024 मध्ये कायदा केला: टिकटॉक चिनी मालकाकडून विका, नाहीतर बंद. मला त्या कायद्याचं फार प्रेम नाही. पण संसदेत चर्चा झाली, 270 दिवसांची मुदत मिळाली, कंपनी आणि व्हिडिओ करणारी माणसंही कोर्टात उभी राहिली, आणि 17 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं कारणं देऊन कायदा टिकवला. कोण हरलं, कशामुळं हरलं, ते मी इथं बसून वाचू शकलो. पुढं नव्या राष्ट्राध्यक्षांनी मुदतवाढीवर मुदतवाढ देऊन त्या निकालाची पार भाजी केली, हा भाग वेगळा. आणि नेपाळ: सप्टेंबर 2025 मध्ये नोंदणी केली नाही म्हणून एका फटक्यात 26 समाजमाध्यमं बंद. चार दिवसांत पोरं रस्त्यावर आली, गोळीबारात पहिल्याच दिवशी किमान 19 जीव गेले, बंदी मागं घेतली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान गेले. राग भ्रष्टाचाराचा आधीपासून साठलेला होता. ठिणगी मात्र कुठं पडली ते बघा.

कोल्हापूरच्या इतिहासात याच जातीचा एक खटला आहे. 1882 साली केसरी आणि मराठा या पुण्याच्या पत्रांनी आपल्या दिवाण बर्व्यांवर लिहिलं, छत्रपतींचा छळ चाललाय म्हणून. करवीर संस्थानाच्या दृष्टीनं ती परमुलखातली पत्रंच. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रव्यवहाराच्या आधारावर लिहिलं होतं तो बनावट ठरला, टिळक-आगरकर हरले आणि 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात बसले. शिक्षा कडक होती, मान्य. पण आपल्यावर आरोप काय, ते त्यांना माहीत होतं. इंग्रजाच्या राज्यात.

माझं म्हणणं एवढंच आहे. युद्ध तोंडावर असेल तर सरकारनं रातोरात अ‍ॅप बंद करावं, मी पुन्हा टाळी वाजवीन. पण त्यानंतर ठरावीक मुदतीत आदेश छापा, जेवढं गुप्त ठेवायलाच हवं तेवढ्यावर काळी पट्टी मारा. वापरणाऱ्याला आपला माल काढून न्यायला मुदत द्या. सील लावलेल्या दुकानातून सुद्धा मालकाला देव्हारा बाहेर काढू देतात. आणि मालकीची मर्यादा घालायची असेल तर ती कायद्यानं घाला, चिनी असो, अमेरिकी असो, सगळ्यांना.

(श्रोत्यांतून एकानं विचारलं: मग त्या हलगीवाल्याचं काय झालं?)

काही झालं नाही. मी त्याच्या नावानं माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, आदेशाची प्रत मागितली. उत्तर आलं: कलम 8(1)(क), सार्वभौमत्व, माहिती देता येत नाही. अपील केलं, तेच उत्तर, फक्त सही दुसऱ्याची. तो अधूनमधून येतो. आता रील्सवर वाजवतो, बरा चाललाय. गेल्या महिन्यात आला तेव्हा खिशातून तंबाखूची डबी काढली. तंबाखू सोडलाय म्हणे. डबीत पेन ड्राइव्ह होता. टाकलेल्या प्रत्येक व्हिडिओची प्रत त्यात ठेवतो. "वडलांचा तेवढा न्हाई ह्यात," म्हणाला, आणि चहा यायच्या आधीच उठून गेला, वरातीची सुपारी होती.