साडेआठचं रीडिंग

(पुण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘वैद्यक, भौतिकी, शेती, पर्यावरण: संशोधन कुठे चाललंय?’ चार शास्त्रं आणि एक तास. चौघांचा आढावा काही मी घेणार नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती चारही ठिकाणी सारखीच लागू पडते, आणि कित्येक वर्षं मी ती भेटेल त्याला सांगत आलोय. एकाच जागी, एकाच पद्धतीनं, न चुकता वर्षानुवर्षं केलेली मोजणी हे संशोधनाचं भांडवल आहे, आणि ते भांडवल आपण डोळ्यांदेखत उधळतोय.

उदाहरणासाठी लांब जायला नको. तुमच्यातले बरेच जण आत्ता शिवाजीनगरहून, सिमला ऑफिसच्या चौकातून आले असतील. भारताचं हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. त्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं १९२८ मध्ये. पुढे ते दिल्लीला गेलं, पण इमारत, ‘सिमला ऑफिस’ हे नाव आणि कामाचा मोठा भाग इथेच राहिला. आपण रोज त्या भिंतीशेजारून जातो. आत काय काय घडून गेलंय, हे मात्र शंभरात दोघांनाही ठाऊक नसतं. म्हणून रामदास यांची गोष्ट सांगतो. ऐकलेली असेल त्यांनी पुन्हा ऐकावी, ती पुण्याची आहे.

डॉ. एल. ए. रामदास हे कलकत्त्याला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली तयार झालेले भौतिकीचे माणूस. ते हवामान खात्यात आले, आणि १९३२ साली पुण्यात कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याची सूत्रं त्यांच्याकडे होती. त्यामागे शेतीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनची शिफारस होती. आता मनात चित्र आणा. भौतिकीचा हा विद्वान पुण्याच्या माळावर रात्री थर्मामीटर घेऊन उभा आहे. जमिनीलगत किती तापमान, वीतभर वर किती, कमरेएवढ्या उंचीवर किती, हे तो मोजतोय. निरभ्र, वारा पडलेली थंडीची रात्र आहे. ढग म्हणजे जमिनीवर पांघरलेली गोधडी. ती नसली की दिवसभराची ऊब सरळ आकाशात जाते. शाळेपासून आपण शिकतो की अशा रात्री सगळ्यात गार जमीन होते आणि वर जावं तसतशी हवा उबदार लागते. रामदासांना दिसलं ते वेगळंच. सगळ्यात गार हवा जमिनीला चिकटून नव्हती. ती जमिनीपासून काही सेंटीमीटर ते वीत-दोन वीत वर होती. जमीन तिच्याहून उबदार.

या निरीक्षणात केवढा खोडा आहे बघा. गार हवा जड, उबदार हवा हलकी. जड हवा वर आणि हलकी खाली, तर वरची धाडकन खाली यायला हवी. ती येत नाही. रात्रभर तो थर तसाच राहतो. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी हे १९३२ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि बाहेरच्या जगातून पहिल्यांदा काय आलं? शंका. मोजण्यात चूक असेल, उपकरणामुळेच हवा बिघडत असेल, जमीनच काहीतरी वेगळी असेल. शंका घेण्याबद्दल माझी तक्रार नाही. शास्त्रात शंका घ्यायलाच हवी. पण शंकेचं उत्तर द्यायचं कसं? रामदासांनी ते एकाच मार्गानं दिलं. पुन्हा मोजलं. पुण्यात मोजलं, दुसऱ्या गावी मोजलं, वेगवेगळ्या जमिनींवर मोजलं.

पुढे राश्के नावाचे जर्मन संशोधक पुण्यात आले. त्यांनी इथल्याच उघड्या जमिनीवर काळजीपूर्वक मापं घेतली, आणि १९५७ साली त्यांचा निबंध आला. थर होता. म्हणजे पंचवीस वर्षांनी परदेशी माणसानं इथे येऊन मोजलं तेव्हा कुठे शंका मावळायला लागल्या. तो थर का टिकतो, याचं नीट गणिती उत्तर यायला १९९० चं दशक उजाडलं. ते बंगळुरूच्या रोद्दम नरसिंहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. थोडक्यात असं, की जमिनीलगतची हवा स्वतःही आकाशाकडे उष्णता टाकत असते, आणि काही परिस्थितींत ती जमिनीपेक्षा वेगानं निवते. त्यानंतर हवेतल्या सूक्ष्म कणांचा यात किती वाटा आहे, यावरही बंगळुरूतच काम झालं. आज जगभरच्या शास्त्रीय लिखाणात याला ‘रामदास थर’ म्हणतात. पुण्याच्या मातीवरचं निरीक्षण! आणि पुण्यात त्याची साधी पाटीसुद्धा मी कुठे पाहिलेली नाही. माझा जीव तळमळतो तो यासाठी.

(टाळ्या)

टाळ्या रामदासांना. पण याचा शेतीशी संबंध काय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. वेधशाळेतला थर्मामीटर असतो पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर. जगभर तसाच, म्हणजे एका गावाचं तापमान दुसऱ्याशी ताडून बघता येतं. आता निफाडकडचा शेतकरी पहाटे म्हणतो, ‘शेतात दव गोठलंय’, आणि बातमीत आकडा येतो चार अंश. लोक म्हणतात, दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय. कुणीही खोटं बोलत नाही. पेटीतली हवा चार अंशांवर असते, त्याच वेळी खाली पिकाची पानं शून्याशी येऊन पोचलेली असतात. दाट पीक असेल तर त्याचा वरचा पसाराच आकाशाकडे उष्णता टाकतो आणि थंडी तिथे सर्वांत कडक असते. पिकाच्या आतली हवा वेगळी मोजली पाहिजे, हे रामदासांच्या विभागानं पुण्यात तेव्हाच दाखवून दिलं. एवढ्या वर्षांनंतर आपल्या किती तालुक्यांत पिकाच्या उंचीवरचं तापमान रोज लिहिलं जातं? तुम्हीच विचारा, तुमच्या गावी विचारा.

आता माझं गाऱ्हाणं. ते मी आयोजकांना आधीच सांगून ठेवलंय, त्यामुळे ते मला थांबवणार नाहीत.

मी आयुष्यभर पावसाच्या नोंदी तपासण्याचं काम केलं. घाटमाथ्याच्या एका तालुक्याच्या गावी, एका कार्यालयाच्या आवारात जुना पर्जन्यमापक होता. रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी काचेच्या मापात ओतून आकडा लिहायचा, एवढंच काम. साडेआठच का? कारण सगळा देश त्याच वेळी मोजतो. ते काम तिथले शिपाईमामा करत. रविवार नाही, गणपती नाही, दिवाळी नाही. घाटातल्या पावसात बाहेर उभं राहून पाणी मोजायचं म्हणजे काय, हे जुलैत ताम्हिणीला गेलेल्यांना सांगायला नको. मामांच्या वहीत शेऱ्याचा रकाना कधी रिकामा नसे. ‘रात्री पश्चिमेचा वारा जोरात.’ ‘पहाटे तीनपासून संततधार.’ पावसाचा आकडा महत्त्वाचा, पण तो आकडा कुठल्या परिस्थितीत आला ते सांगणारा शेरा माझ्या दृष्टीनं तितकाच मोलाचा.

एका वर्षी त्या आवारात दुचाक्यांसाठी पत्र्याची शेड बांधली, ती नेमकी पर्जन्यमापकाच्या पश्चिमेला, जेमतेम चार हातांवर. नियम असा आहे की आडोसा जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट, शक्यतो चौपट अंतरावर मापक हवा. मामांनी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, ‘मामा, पाऊस काय शेड बघून पडतो का?’

मंडळी, घाटातला पाऊस शेड बघूनच पडतो! तो वाऱ्याबरोबर तिरका येतो, आणि आडोशामागे कमी पडतो. त्या पावसाळ्यापासून तिथले आकडे घसरले. उद्या कुणी विद्यार्थी ते आकडे संगणकात घालेल, उतरती रेघ काढेल आणि लिहील की या भागातला पाऊस कमी होतोय, हवामान बदलतंय. त्याची त्यात काय चूक? शेडची नोंद होती फक्त मामांच्या शेऱ्यात. आणि त्या वह्या पुढे, कपाट दुसऱ्या कामाला हवं म्हणून, रद्दीत गेल्या. मी पोचलो तेव्हा कपाटात कोऱ्या फॉर्मचे गठ्ठे होते. वजनावर विकलं गेलेलं ते ज्ञान आता कुठलाही निधी परत आणू शकत नाही. पैसे देऊन उपकरण घेता येतं, गेलेली वर्षं घेता येत नाहीत.

याची दुसरी बाजूही पुण्यातलीच आहे. पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, १९६२ पासून. तिथल्या संशोधकांनी देशभरातली ३०६ पर्जन्यमापन केंद्रं निवडून १८७१ पासूनची मासिक पावसाची सलग मालिका तयार केली. मान्सूनवर जगात कुठेही अभ्यास करायचा तर माणूस त्या मालिकेपाशी येतो. ती उभी राहिली कशावर? दीडशे वर्षं कुठल्या ना कुठल्या मामांनी सकाळी लिहिलेल्या आकड्यांवर. त्यांची नावं कुठल्याच निबंधात नाहीत.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणताहेत. वैद्यक आणि भौतिकी अजून बाकी आहे, तेव्हा आता भरभर जातो.

वैद्यक. केईएम रुग्णालय, रास्ता पेठ. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. स्त्री गरोदर राहण्याच्या आधीपासून तिचं वजन, उंची, आहार यांच्या नोंदी ठेवायच्या, आणि बाळ जन्मलं की तेही मोजायचं. नुसतं वजन नाही. टेपनं पोटाचा घेर, चिमट्यासारख्या कॅलिपरनं पाठीवरच्या कातडीची जाडी. पुण्याकडचं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचं ३.५ किलोचं. आपलं बाळ लहान, बारीक, स्नायू कमी. पण कातडीखालची चरबी त्या मानानं कमी झालेलीच नाही! दिसायला रोड, आतून चरबी धरून ठेवणारं. सडपातळ माणसाला आपल्याकडे मधुमेह का होतो, याचा एक धागा पाळण्यापर्यंत जातो हे असं दिसलं. याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचा एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के.

पण माझा मुद्दा पुढचा आहे. त्या बाळांना त्यांनी सोडलं नाही. सहाव्या वर्षी पुन्हा तपासलं, आणि मग २००८ मध्ये प्रसिद्ध झालं की गरोदरपणी आईच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त असेल, तर त्या मुलांमध्ये इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसते. हे तीन वर्षांच्या प्रकल्पातून कळलं असतं? ज्या मुलाची सहाव्या वर्षी तपासणी करायची, ते तीन वर्षं सरताना जेमतेम अंगणवाडीच्या दारात असतं आणि प्रकल्पाचा निधी संपलेला असतो.

भौतिकी. नारायणगावजवळ खोडद. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तुमच्यापैकी कित्येकांनी विज्ञानदिनाला पोरांना नेऊन दाखवली असेल. त्या दुर्बिणीतून काही स्पंदक तारे सतत टिपले जातात. त्यांच्याकडून येणारे रेडिओ लहरींचे ठोके कमालीचे नियमित असतात. अवकाशातून प्रचंड लांबीच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच ताणणारे-आखडणारे तरंग, गेल्या तर ते ठोके किंचित मागेपुढे होतात. पण अशा एका लहरीला जायला वर्षंच्या वर्षं लागतात, म्हणून ठोकेही वर्षानुवर्षं मोजावे लागतात. जून २०२३ मध्ये जगातल्या वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी सांगितलं की अशा लहरींच्या खुणा दिसताहेत. युरोपीय गटाकडे पंचवीस वर्षांची निरीक्षणं होती, आणि त्यांच्या कामात खोडदच्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या भारतीय गटाची निरीक्षणंही होती. वाटेतल्या विद्युतभारित वायूमुळे ठोक्यांना होणारा उशीर वेगळा काढायला खोडदच्या कमी वारंवारतेच्या नोंदी फार उपयोगी पडतात. माळावर रात्री थर्मामीटर धरणारे रामदास, साडेआठचे मामा, कॅलिपर घेऊन गावात जाणारी परिचारिका आणि खोडदला रात्रपाळी करणारी मुलगी, हे सगळे माझ्या लेखी एकच काम करतात.

काय व्हायला हवं, ते पटकन सांगतो. दीर्घ मोजणीसाठी तीन-तीन वर्षांचा निधी बंद करून निदान पंधरा वर्षांची हमी द्यावी, दर पाच वर्षांनी कामाची तपासणी करावी. वेधशाळेच्या आवारात बांधकामाला परवानगी देताना मोजणाऱ्या माणसाची सही सक्तीची असावी. मोजणारा माणूस कंत्राटी नसावा. त्याला पेन्शन असावी आणि निबंधात त्याचं नाव असावं. उपकरण बदललं तर जुनं आणि नवं निदान वर्षभर शेजारी ठेवून दोन्हींच्या नोंदी घ्याव्यात. स्वयंचलित केंद्रं जरूर बसवा, मी त्यांच्या विरोधात नाही, पण त्यांच्या नरसाळ्यात पाला अडकलाय हे बघायला माणूस लागतोच.

अध्यक्ष उभे राहिले, म्हणजे संपवलंच पाहिजे. एक शेवटचं, आणि ते आजच व्हायला हवं. इथे साखर कारखान्यात, पाटबंधाऱ्यात, शेती महाविद्यालयात, शाळेत नोकरी केलेली बरीच मंडळी बसली आहेत. काहींच्या वडिलांनी घरच्या शेतावर पावसाची वही ठेवली असेल. तुमच्याकडे, किंवा तुमच्या जुन्या कार्यालयाच्या माळ्यावर, अशी कुठलीही नोंदवही असेल, तर बाहेर टेबलावर कागद ठेवलाय, त्यावर गाव आणि साल तेवढं लिहून जा. वाळवी लागलेली असली तरी चालेल. पानांचे फोटो काढायला मी स्वतः येईन.