कोर्टाच्या दिवशी विकलेला अल्बर्ट

(दृश्य: जुन्या पत्राचा कागद, झोकदार अक्षरं.)

२ जुलै १७६६. जॉर्ज वॉशिंग्टन तेव्हा राष्ट्राध्यक्ष नव्हता, व्हर्जिनियातला एक जमीनदार होता. वेस्ट इंडिज बेटांकडे निघालेल्या जहाजाच्या कप्तानाला त्याने पत्र लिहिलं आणि सोबत टॉम नावाचा गुलाम धाडला. टॉम पळून जाणारा, पण अंगापिंडाने दणकट, कुदळीच्या कामात तरबेज. समुद्रात पोचेपर्यंत याला बेड्या घालून ठेवा. विकायला काढाल तेव्हा स्वच्छ, नीटनेटका करा, म्हणजे भाव बरा येईल.

आणि त्या पैशांतून काय आणायचं? काकवीचं मोठं पिंप, तेवढीच रम, लिंबं चांगली आणि स्वस्त असली तर एक पिंप, दहा पौंड वजनाची चिंच, थोडे मुरंबे. उरलेल्या पैशांची जुनी दारू. वाण्याकडे यादी द्यावी, इतक्या सहज.

मालकांची अशी पत्रं घराण्यांनी जपली, म्हणून ती ढिगाने सापडतात. विकल्या गेलेल्यांची मोजकीच. व्हर्जिनियात एकोणिसाव्या शतकात गुलामांना एकत्र बसवून लिहा-वाचायला शिकवायलाच कायद्याने बंदी होती.

(दृश्य: शार्लट्सव्हिल, कोर्टासमोरचा चौक.)

तरीही ८ ऑक्टोबर १८५२ चं एक पत्र आपल्यापर्यंत आलंय. व्हर्जिनियातल्याच शार्लट्सव्हिलहून मारिया पर्किन्स या गुलाम बाईने नवऱ्याला, रिचर्डला पाठवलेलं. सोमवारी, कोर्टाच्या दिवशी (कोर्ट भरे त्या दिवशी तिथे गुलामांची विक्रीही होई), तिच्या मालकाने अल्बर्टला एका व्यापाऱ्याला विकलं. अल्बर्ट म्हणजे त्यांचा मुलगा. ब्रेडी नावाच्या माणसाने नेलाय, स्कॉट्सव्हिलला राहतो म्हणतात, पण नेलं कुठे ते ठाऊक नाही. आता मी आणि दुसरं मूलही विक्रीला आहोत. मलासुद्धा कोर्टाशी नेलं होतं, पण लिलावाला उभं केलं नाही.

रडगाणं नाही या पत्रात. बाई उपाय शोधतेय. तुझ्या मालकाला सांग, डॉक्टर हॅमिल्टनना सांग, दोघांपैकी कुणी मला विकत घेतं का बघ. व्यापाऱ्याच्या हाती मला पडायचं नाही. मध्येच तिला सामानाची काळजी लागते: काही इथे, काही तिथे, काही स्टॉन्टनला, मी विकली गेले तर त्याचं काय होणार?

गुलामांचं लग्न कायदा मानत नव्हता. त्यामुळे बायकोसाठी रिचर्डने करायचं ते एवढंच: कुणा गोऱ्या माणसाची मनधरणी. तीही लवकर, नाताळची वाट न बघता, असं मारिया बजावते. नाताळात गुलामांना सहसा चार दिवस सुट्टी मिळे, दूरचे नवरे तेव्हा घरी येत. कोर्ट मात्र दर महिन्याला भरे.