डाउनलोड केलेला व्हिडिओ चालत नाही? आधी प्लेअर नीट घ्या, मग फाईल तपासा

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेतल्या, नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये लॅपटॉप उघडून बसलेली मुलं बघा. इंटरनेट धड मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून लेक्चर्स आधीच उतरवून ठेवलेली असतात. आणि नेमकं वाचायला बसल्यावर फाईल उघडत नाही. कधी चित्र आहे पण आवाज नाही, कधी आवाज आहे पण पडदा काळा, तर कधी चित्र अडखळत पुढे सरकतं.

मग लोक काय करतात? ‘व्हिडिओ प्लेअर फ्री डाउनलोड’ असं शोधतात आणि वर जी पहिली लिंक दिसेल ती दाबतात. खरा घोटाळा तिथे होतो. न चालणाऱ्या व्हिडिओने तुमचं काही बिघडत नाही, पण चुकीच्या जागेवरून घेतलेला प्लेअर अख्खा लॅपटॉप खराब करू शकतो. म्हणून आज प्लेअर कुठून घ्यायचा हे आधी बघू, फाईलकडे नंतर येऊ.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. ओटीटीच्या किंवा क्लासच्या ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ म्हणून साठवलेले व्हिडिओ बहुतेक वेळा कुलूपबंद असतात. ते त्या ॲपमध्येच चालतात, दुसरा कुठलाही प्लेअर ते उघडू शकत नाही. त्यासाठी शोधाशोध करण्यात वेळ घालवू नका. आपण बोलतोय ते ज्या फाईल उतरवायला परवानगी आहे त्यांच्याबद्दल: एनपीटीईएलची (आयआयटीच्या प्राध्यापकांची मोफत) लेक्चर्स, इंटरनेट अर्काइव्हवरच्या फिल्म्स, शिक्षकांनी स्वतः दिलेली रेकॉर्डिंग्ज.

[स्क्रीन: व्हिडिओलॅनचं मुखपृष्ठ]

विंडोजवर माझी पहिली शिफारस व्हीएलसी. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात 1996 मध्ये विद्यार्थ्यांनी हा प्रकल्प सुरू केला, 2001 मध्ये तो खुल्या परवान्याखाली आला, आणि आज व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था तो चालवते. त्यात जाहिराती नाहीत, पैसे लागत नाहीत, नाव-नोंदणी नाही. आणि मुख्य म्हणजे व्हिडिओ वाचायला लागणारे जवळपास सगळे कोडेक, म्हणजे चित्र-आवाज दाबून भरायच्या आणि उलगडायच्या पद्धती, त्याच्या पोटातच असतात, वेगळं काही बसवावं लागत नाही.

आता भारतातली एक गोष्ट, जी अनेकांना अर्धवट आठवते. 2022 मध्ये व्हिडिओलॅनची वेबसाइट आपल्याकडे काही महिने बंद होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिमँटेक या सायबरसुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी सांगितलं होतं की एक हॅकर टोळी व्हीएलसीची अस्सल, स्वच्छ प्रत वापरून तिच्या शेजारी स्वतःची घातकी डीएलएल फाईल, म्हणजे प्रोग्रामला जोडून चालणारी कोडची फाईल, ठेवते. व्हीएलसी उघडलं की ती फाईलही चालू होते. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या कायदेशीर पाठपुराव्यानंतर नोव्हेंबर 2022 मध्ये साइट पुन्हा खुली झाली. पण मधल्या काळात लोकांना भलत्याच साइटवरून व्हीएलसी घ्यायची सवय लागली, ती अजून गेलेली नाही. मित्राच्या पेनड्राइव्हमधून व्हीएलसीचा अख्खा फोल्डर उचलून आणण्याची सवयही तशीच. शेजारी ठेवलेल्या डीएलएलचा धोका असतो तो नेमका अशा उचललेल्या फोल्डरमध्ये.

म्हणून पत्ता स्वतः टाइप करा: व्हिडिओलॅन डॉट ओआरजी. शोधताना वर ‘स्पॉन्सर्ड’ असं लिहिलेली जी लिंक येते, तिला हात लावू नका.

[स्क्रीन: इन्स्टॉलरवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स]

फाईल उतरली की लगेच डबल-क्लिक करू नका. आधी आकार बघा. विंडोजचा इन्स्टॉलर साधारण 40 ते 45 एमबीचा असतो. दोन-तीन एमबीची फाईल आली असेल तर तो व्हीएलसी नाही, दुसरंच काहीतरी ओढून आणणारा डाउनलोडर आहे. तो काढून टाका. मग फाईलवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. तिथे सही करणाऱ्याचं नाव ‘व्हिडिओलॅन’ दिसलं पाहिजे. हा टॅबच नसेल तर फाईल बसवू नका.

डाउनलोड दाबल्यावर पत्ता बदलून भलत्याच सर्व्हरचं नाव दिसलं, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. व्हिडिओलॅन फाईल जगभरातल्या मिरर सर्व्हरवरून, म्हणजे तीच प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरून, देतं. पण म्हणूनच डाउनलोडच्या पानावर शा-256 चा लांबलचक आकडा दिलेला असतो, तो म्हणजे त्या फाईलच्या बोटाचा ठसाच. सर्टयुटिल ही आज्ञा विंडोजमध्ये आधीपासूनच असते. ती कशी चालवायची ते आत्ता स्क्रीनवर दिसतंय. तुमच्या फाईलचा आकडा आणि पानावरचा आकडा शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे.

एवढी तपासणी नको वाटत असेल, तर विंडोज 11 मध्ये विंगेट हे प्रोग्राम बसवून देणारं साधन आहे. टर्मिनल उघडा, स्क्रीनवरची एक ओळ टाका, तो योग्य जागेवरून फाईल आणतो, आकडाही स्वतःच पडताळतो. मला तर हीच पद्धत सगळ्यांत बरी वाटते.

अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये व्हीएलसीखाली प्रकाशकाचं नाव ‘व्हिडिओलॅब्स’ असं असतं. ते बघून घ्या, कारण केशरी शंकूसारखंच चित्र लावलेली दुसरी ॲप्सही दिसतात.

[कॅमेऱ्यासमोर]

व्हीएलसीला पर्याय दोन. लॅपटॉप जुना असेल, रॅम 4 जीबी असेल, तर एमपीसी-एचसी. अतिशय हलका, साधा प्लेअर. फक्त एक काळजी घ्या: मूळ चमूने 2017 मध्ये काम थांबवलं. त्यांची शेवटची आवृत्ती 1.7.13, ती घेऊ नका. त्यानंतर गिटहब या प्रोग्रामचा कोड ठेवण्याच्या साइटवर ‘सीएलएसआयडी2’ या खात्यावर तो प्लेअर पुढे चालू आहे आणि नियमित सुधारला जातो, तिथूनच घ्या. दुसरा एमपीव्ही. चित्राचा दर्जा उत्तम, पण बटणं फारशी नाहीत, सगळं कीबोर्डवर. ज्याला ते चालतं त्याने खुशाल घ्यावा. मॅकवर एमपीव्हीच्याच पायावर उभा असलेला आयना घ्या, कारण क्विकटाइम एमकेव्ही फाईल उघडत नाही.

आणि कोडेक पॅक, म्हणजे कोडेकचा वेगळा गठ्ठा? नको. विंडोजचा स्वतःचा प्लेअर काही व्हिडिओंसाठी एचईव्हीसी, म्हणजे एच.265 कोडेकची, जोड (एक्स्टेन्शन) विकत घ्यायला सांगतो, तेही नको. वरच्या तिन्ही प्लेअरना त्याची गरज पडत नाही. व्हिडिओ उघडल्यावर आतच ‘हा बघण्यासाठी अमुक कोडेक डाउनलोड करा’ असा संदेश दिसला, तर ती फाईलच फसवी समजा आणि तिथल्या तिथे डिलीट करा.

[स्क्रीन: फाइल एक्सप्लोररचा व्ह्यू मेनू]

त्याच्याशी जोडून एक सेटिंग आज करूनच टाका. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्स. विंडोज मुळात एक्स्टेन्शन, म्हणजे फाईलच्या नावातला शेवटच्या बिंदूनंतरचा भाग, लपवून ठेवतं. त्यामुळे ‘लेक्चर डॉट एमपीफोर डॉट ईएक्सई’ ही फाईल तुम्हाला नुसती ‘लेक्चर डॉट एमपीफोर’ दिसते. आयकॉनही व्हिडिओचाच लावलेला असतो. डबल-क्लिक केलं की व्हिडिओ लागत नाही, प्रोग्राम चालू होतो.

[कॅमेऱ्यासमोर]

आता फाईलकडे वळू. एमपीफोर, एमकेव्ही, वेबएम ही नावं म्हणजे नुसती पाकिटं. आत चित्र कुठल्या पद्धतीने दाबून भरलंय आणि आवाज कुठल्या, हे पाकिटावरून कळत नाही. एकाच नावाच्या दोन एमपीफोर फाईलपैकी एकीत एच.264 हा जुना कोडेक असेल, दुसरीत एव्ही1 हा नवा. एच.264ची फाईल दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर सहज चालेल, एव्ही1ची अडखळेल. म्हणूनच एक्स्टेन्शन बदलून वेबएमचं एमपीफोर केल्याने काहीही होत नाही.

आत काय आहे ते बघायला व्हीएलसीमध्ये व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे दाबा. किंवा टूल्समध्ये जाऊन कोडेक इन्फर्मेशन.

[स्क्रीन: कोडेकची खिडकी, मोठी करून]

इथे बघा. ‘स्ट्रीम 0’, टाइप व्हिडिओ, कोडेक एच264. खाली रिझोल्यूशन, फ्रेम रेट. मग ‘स्ट्रीम 1’, टाइप ऑडिओ, एएसी. दोन स्ट्रीम आहेत, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही आहेत. आता ही दुसरी फाईल. इथे एकच स्ट्रीम आहे, ऑडिओ दिसतच नाही. म्हणजे प्लेअर बदलून आवाज येणार नाही. फाईलमध्ये तो नाहीच. बऱ्याच वेबसाइट मोठ्या रिझोल्यूशनला चित्र आणि आवाज वेगवेगळे पाठवतात, आणि उतरवणाऱ्या साधनाने ते जोडलेले नसतात. आवाजाची फाईल, बहुधा एम4ए, वेगळी मिळाली तर एमकेव्हीटूलनिक्स हा फाईल जोडणारा प्रोग्राम उघडा, दोन्ही फाईल आत ओढा, ‘स्टार्ट मल्टिप्लेक्सिंग’ दाबा. पुन्हा एन्कोड करावं लागत नाही, त्यामुळे दर्जा तसूभरही घटत नाही आणि काम मिनिटाभरात होतं.

याच खिडकीत स्टॅटिस्टिक्स नावाचा टॅब आहे. व्हिडिओ अडखळत असेल तर तिथे ‘लॉस्ट’ फ्रेमचा आकडा बघा. तो सारखा वाढत असेल तर तुमच्या प्रोसेसरला हे काम झेपत नाहीये. याचं कारण समजून घ्या. प्रोसेसरमध्ये ठरावीक कोडेक उलगडणारा खास भाग असतो. इंटेलमध्ये एच.265 साठी तो सहाव्या पिढीपासून आला, 10-बिट एच.265 आणि व्हीपी9 या आणखी एका कोडेकसाठी सातव्या पिढीपासून, आणि एव्ही1 साठी अकराव्या, म्हणजे 2020 पासून. पिढी कशी ओळखायची? नावातल्या आडव्या रेघेनंतरचा आकडा बघा: आय5-8250यू म्हणजे आठवी, आय3-3110एम म्हणजे तिसरी, आय5-1135जी7 म्हणजे अकरावी. तो भाग नसेल तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंघावतो आणि बॅटरी भराभर उतरते.

उपाय उतरवतानाच करा. पर्याय मिळत असेल तर 720पी, एच.264, आवाज एएसी, पाकीट एमपीफोर. फळा आणि स्लाइड बघायला एवढं रिझोल्यूशन पुरतं. साधारण 1 मेगाबिट प्रतिसेकंदाने तासाभराचं लेक्चर 450 एमबीच्या आसपास बसतं.

उलट प्रकारही होतो. लॅपटॉप नवा, तरी पडदा हिरवा किंवा चित्राचे चौकोन. हा बहुतेक वेळा ग्राफिक्स ड्रायव्हरचा दोष. व्हीएलसीत कंट्रोल आणि पी, इनपुट/कोडेक्स, तिथे हार्डवेअर-ॲक्सिलरेटेड डिकोडिंग ‘डिसेबल’ करा, सेव्ह करा, व्हीएलसी बंद करून पुन्हा उघडा. चित्र सुधारलं तर ड्रायव्हर अपडेट करा आणि सेटिंग पुन्हा ‘ऑटोमॅटिक’वर आणा.

[कॅमेऱ्यासमोर]

फाईल अजिबातच उघडत नसेल तर आधी आकार. तासाभराचा व्हिडिओ 40 केबीचा असेल तर तो व्हिडिओ नाही, वेबपान किंवा नुसती पत्त्यांची यादी उतरली आहे. नावाच्या शेवटी ‘सीआरडाउनलोड’ किंवा ‘पार्ट’ असेल तर डाउनलोड अर्धवट राहिलंय. एमपीफोरमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका असते, तिला मूव्ह ॲटम म्हणतात, आणि ती पुष्कळदा फाईलच्या शेवटी लिहिलेली असते. वायफाय 98 टक्क्यांवर तुटलं तर चित्र जवळजवळ सगळं आलेलं असूनही ते वाचता येत नाही. एमकेव्ही आणि वेबएमची रचना तुकड्यातुकड्यांची, त्यामुळे त्या अर्धवट फाईलही जेवढ्या उतरल्या तेवढ्या चालतात. दुरुस्तीची साधनं शोधण्यापेक्षा पुन्हा डाउनलोड करणं सोपं.

आवाज ओठांच्या मागेपुढे होत असेल तर व्हीएलसीत कीबोर्डवरची ‘जे’ आणि ‘के’ ही बटणं वापरा. प्रत्येक दाबाला आवाज 50 मिलिसेकंद सरकतो. पण सुरुवातीला जुळलेला आवाज हळूहळू लांब जात असेल, तर याने भागणार नाही. फाईल बनवतानाच फ्रेम गळल्या आहेत.

मराठी सबटायटलच्या जागी चौकोन किंवा विचित्र चिन्हं? चिन्हं असतील तर एसआरटी (सबटायटलची) फाईल नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह ॲज, एन्कोडिंग यूटीएफ-8. ती जतन होताना मजकूरही नीट दिसतोय ना, ते बघा. चौकोन असतील तर प्रेफरन्सेसमध्ये सबटायटल्सचा फॉन्ट ‘निर्मला यूआय’ ठेवा. तो विंडोजमध्येच असतो. आणि एसआरटीचं नाव व्हिडिओच्या नावासारखंच हवं, फोल्डरही तोच.

शेवटचा प्रश्न टीव्हीचा. तापकीर गल्लीतून नवा पेनड्राइव्ह आणला, व्हिडिओ कॉपी करायला गेलात आणि विंडोज म्हणालं फाईल फार मोठी आहे. पेनड्राइव्हवर फाईली ठेवायची पद्धत फॅट32 असेल तर एक फाईल 4 जीबीच्या पुढे बसत नाही. आतलं सगळं दुसरीकडे हलवून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. पण आधी टीव्हीचं माहितीपत्रक बघा, जुने काही टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. टीव्हीवर चित्र दिसतं आणि आवाज येत नाही, याचं नेहमीचं कारण म्हणजे डीटीएस किंवा ओपस या कोडेकचा आवाज. तोच व्हिडिओ लॅपटॉपवर बोलतो, कारण व्हीएलसी ते दोन्ही वाचतं. टीव्हीसाठी एएसी आवाज असलेली फाईल शोधा, नाहीतर लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडा आणि व्हीएलसीतूनच लावा.

तुमची फाईल यानंतरही चालत नसेल तर कमेंटमध्ये लिहा. कोडेकच्या खिडकीतल्या स्ट्रीम 0 आणि स्ट्रीम 1 च्या ओळी, फाईलचा आकार, प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि व्हीएलसीची आवृत्ती, एवढं द्या. आवृत्ती हेल्प मेनूत ‘अबाउट’मध्ये सापडेल.