सील का गेलं? खानापूर रोडवरच्या गॅरेजमधले दोन दिवस

(दृश्य: पत्र्यावर पाऊस. शटरच्या आत ओळीने उभ्या गाड्या, पुढची चाकं चिखलाने माखलेली.)

बेळगावात खानापूर रोडला जुलै महिन्यात गॅरेजवर आलेली गाडी कुठनं आली हे विचारावं लागत नाही. चिखल लाल असला की जांबोटी, कणकुंबी, म्हणजे मलप्रभा निघते तो सगळा भाग, आणि काळा चिकट असला की बैलहोंगल नाहीतर सौंदत्ती. आमचे मिस्त्री मात्र चाकाकडे बघतच नाहीत, त्यांची नजर वर जाते, शॉकअपच्या पाईपवर, तिथं क्रोमवर तेलाची रिंग उठलीय का आणि त्या रिंगला माती चिकटलीय का ते आधी बघतात.

हा बघा, हा काळा चकचकीत पट्टा. पुढच्या शॉकअपचं ऑईल सील, म्हणजे पाईपभोवती बसून आतलं तेल अडवणारी रबरी रिंग, तेल सोडायलंय.

सकाळपासून दुपारपर्यंत आमच्या कॅमेऱ्यासमोर अशा चार गाड्या आल्या. गोकाकचे एक काका उतरल्या उतरल्या म्हणाले, "एण्णी सोराकत्तैत्री." तेल गळतंय म्हणाले. मिस्त्रींनी त्यांच्याशी कानडीतच बोलत डस्ट सील, म्हणजे धूळ अडवणारी वरची रिंग, खाली ढकललं आणि ड्रॉवरमधनं जुन्या एक्सरेची एक पट्टी काढली, बोटाएवढी रुंद, टोकाला हुकासारखी कापलेली. ती सीलच्या ओठाखाली, म्हणजे पाईपला टेकणाऱ्या आतल्या कडेखाली, सरकवून पाईपभोवती गोल फिरवली. काय निघालं बघा. वाळूचा एक कण आणि कसलातरी तंतू. फडक्याने पुसलं, ब्रेक दाबून शॉकअप दहाबारा वेळा खालीवर केला, पाईप कोरडा. काका पैसे विचारायला लागले तर मिस्त्री हात हलवून नको म्हणाले.

आम्ही ही फिल्म केली ती याच्यासाठीच. तेल दिसलं की सील बदल, परत गळलं की परत सील बदल, तिसऱ्यांदा गळलं की अख्खा शॉकअपच नवा घाल, असं आजकाल सर्रास चाललंय आणि गाडीवाल्याला वाटतं की असंच असतं. सील का गेलं हे बघणारा माणूस अजून आपल्या गावात आहे, आणि बघायला त्याला लागतं काय, तर एक काचेचा तुकडा.

(दृश्य: दीडशे सीसीची गाडी. हँडल एका बाजूला कललेलं.)

ही चौथी गाडी. जांबोटीकडचा पोरगा, सकाळी दुधाचे कॅन घेऊन शहरात येतो. उजव्या बाजूचं सील दोन महिन्यात दोनदा बदललंय, दुसरीकडे कुठंतरी, आणि आता तिसऱ्यांदा गळतंय. शिवाय गाडी सरळ चालवायची तर हँडल थोडं डावीकडे धरावं लागतं म्हणाला. मे महिन्यात मोरीजवळच्या खड्ड्यात पडला होता, हात प्लास्टरमध्ये होता. पडल्यावर शॉकअप कुणी तपासला का असं विचारलं तर म्हणाला, सील बदललं की.

मिस्त्री खाली बसले. "सील काय करणार गा. पाईपच वाकडा असला तर सील बिचारं किती दिवस धरून बसणार?"

आता ही काच. शहापुरातल्या काचवाल्याकडनं कापून आणलेली, वहीपेक्षा थोडी मोठी, कडा घासलेल्या. दोन्ही पाईप वर आणि खाली ज्या आडव्या पट्ट्यांत आवळलेले असतात त्या टी, आणि पाईप ज्यात खालीवर होतो ती खालची नळी म्हणजे बॉटम. खालची टी आणि बॉटमच्या मध्ये जो पाईप उघडा दिसतो, त्या दोन्ही पाईपांवर पुढून ही काच टेकवायची. दोन्ही पाईप एका पातळीत असले तर काच चारी टोकांना बसते. नसले तर डुलते. इथं कॅमेरा जवळ नेलाय मुद्दाम, उजवीकडचा खालचा कोपरा बघा. टकटक आवाज येतोय तो त्या कोपऱ्याचा.

पण काच डुलली म्हणजे पाईप वाकलाच असं लगेच धरायचं नाही. बऱ्याच वेळा पडल्यावर पाईप ठीक असतात, टीमध्ये नुसते पिळलेले असतात. म्हणून आधी ॲक्सल ढिला, मडगार्डचे बोल्ट ढिले, खालच्या आणि वरच्या टीचे बोल्ट ढिले, काढायचं काहीच नाही, सगळं फक्त सैल, आणि मग चाक दोन गुडघ्यात धरून हँडल हळू वळवायचं. निम्म्याहून जास्त गाड्या इथंच सरळ होतात असा मिस्त्रींचा अनुभव. हँडल सरळ झालं, परत काच लावली. अजून डुलते. कमी, पण डुलते.

म्हणजे आता उतरवायला लागणार.

(दृश्य: इंजिनखाली लाकडी ठोकळा, पुढचं चाक हवेत.)

चाक काढलं, ब्रेक पॅड धरणारं कॅलिपर काढलं, आणि ते लोंबकळत न सोडता तारेने हँडलला बांधून ठेवलं, कारण ब्रेकच्या रबरी पाईपवर वजन यायला नको. वरची टोपी मात्र पाईप टीमध्ये घट्ट असतानाच अर्धी ढिली करून घेतली, बाहेर काढल्यावर ती धरायला जागाच राहत नाही. तशीच बॉटमच्या तळाची अ‍ॅलन बोल्ट, ती पण स्प्रिंग आत असताना ढिली करायची, स्प्रिंगचा दाब असला की आतला दांडा गोल फिरत नाही. नवशिके आधी स्प्रिंग काढतात आणि मग तास तास त्या बोल्टशी झटत बसतात. मिस्त्रींचा पोरगाही पहिल्या वर्षी असाच बसायचा, आता तोच आम्हाला समजावून सांगत होता.

तेल ओतलं. हे तेल? राखेच्या पाण्यासारखं, वास कुजका, आणि उजेडात धरलं की आत चमक, ती धातूची बारीक कीस. पुढच्या शॉकअपचं तेल बदलायचं असतं हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, इंजिन ऑईल वेळेवर बदलणारा माणूससुद्धा हे विसरतो. तेल काय करतं, तर स्प्रिंग दबली की ते बारीक भोकांतून इकडून तिकडे जातं आणि उसळी मोडतं. तेलाच्या दाबावर चालणारा असला शॉकअप तयार गाडीवर पहिल्यांदा दिला तो बीएमडब्ल्यूने, आर १२ आणि आर १७ वर, १९३५ साली. मुळातली युक्ती आज जांबोटीच्या दुधवाल्याच्या गाडीत तीच आहे.

आता जुनं सील. डस्ट सील काढलं, सील जागेवर धरणारं तारेचं लॉक काढलं, बॉटमच्या काठावर फडकं ठेवून त्यावर टायर लिव्हर टेकवून सील उचकटलं. फडकं कशाला? आतल्या भिंतीला ओरखडा पडला तर नवीन सील कितीही चांगलं बसवा, तेल बाहेरच्या अंगाने येणार.

आणि हे सील मिस्त्री फेकत नाहीत, वाचतात. खरंच वाचतात. ओठ सगळीकडून सारखा कडक झालेला असला की वय झालं, ऊन लागलं. एकाच जागी चीर असली की पाईपवर दगडाचा टवका नाहीतर गंजाची फुटकुळी आहे, नखाने चाचपून शोधायची, बारीक असली तर तेल लावून २०००च्या पॉलिश पेपरने आडवी घासायची, खोल असली तर पाईप गेला. सील धड आहे पण जागेवरनं वर सरकलेलं आहे, तर तेल जास्त भरलं होतं. आणि हे असं, एकाच बाजूने अर्धा गोल झिजलेलं, म्हणजे पाईप त्याच्यावर रेलून चालायलाय.

दोन महिन्याचं सील. दुधवाला पोरगा ते हातात घेऊन बघत होता. इथं आम्ही काही बोलत नाही, त्याचा चेहरा बघा.

(दृश्य: टेबलावर काच, काचेवर पाईप लोळतोय, मागे ट्यूबलाईट.)

पाईप डिझेलने धुतला आणि त्याच काचेवर लोळवला. मागे ट्यूबलाईट आहे, पाईप आणि काच यांच्या मधला उजेड बघा. येतो, जातो, येतो, जातो. सरळ पाईपखाली उजेडाची फट सगळीकडे सारखी राहते. बाक कुठं आहे तेही दिसतंय, खालच्या टीच्या जरा खाली, पाईप जिथं धरलेला असतो त्याच्या तोंडाशी. समोरून दणका बसला की तिथंच वाकतो.

डोळ्याने एवढं कळलं, किती वाकलाय ते मोजायला उद्यमबाग. बेळगाव कुंद्यासाठी सगळ्यांना माहीत आहे, पण या शहराचं पोट भरतं ते उद्यमबागेतल्या फाउंड्रीवर आणि मशीन शॉपवर, आणि मिस्त्री स्वतः तरुणपणी तिथं लेथवर होते, गॅरेज नंतरचं. व्ही ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर, पाईप ठेवला, मध्यावर डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं मीटर, पाईप हळू फिरवला. काटा ०.९० मिलिमीटर फिरला. खरा बाक याच्या निम्मा धरायचा, म्हणजे ०.४५. होंडाच्या बऱ्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ०.२० ही शेवटची मर्यादा लिहिलेली असते. दुपटीच्या वर.

एवढा बाक प्रेसवर निघतो. मिस्त्रींचा नियम कडक आहे, पाईपला चुणी पडली असेल, क्रोम तडकलं असेल, तर तो भंगारात, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी सरळ करून द्यायचा नाही. या पाईपला चुणी नव्हती. प्रेसवरनं परत डायलवर आला तेव्हा काटा ०.२० फिरला, म्हणजे बाक ०.१० उरला. हा क्षण आम्हाला तीनदा शूट करावा लागला कारण मशीन शॉपमधली सगळी माणसं कॅमेऱ्यासमोर वाकून बघत होती.

(दृश्य: दुसरा दिवस. ऊन. नवीन सील, दुधाची पिशवी, पीव्हीसी पाईपचा तुकडा.)

नवीन सील बसवताना सगळ्यात जास्त सील फाटतात. पाईपच्या वरच्या कडेला धार असते, ती ओठाला लागली की संपलं, आणि ते गाडी रस्त्यावर गेल्याशिवाय कळत पण नाही. म्हणून नंदिनी दुधाच्या पिशवीचा धुतलेला तुकडा पाईपच्या तोंडावर, त्यावर शॉकअपचं तेल, त्यावरनं सील सरकवायचं, सीलमधली बारीक स्प्रिंग दिसते ती बाजू खाली, अक्षरं वर. मग पीव्हीसी पाईपचा तुकडा वरनं घालून हलके हलके ठोकायचं, लॉकची खाच पूर्ण दिसेपर्यंत. आवाज बदलतो बघा, आधी पोकळ, बसल्यावर भरीव.

तेल मोजायला बाळाच्या दुधाची बाटली, तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात. कुठलं तेल आणि किती, हे त्या गाडीच्या पुस्तकात असेल तेवढंच आणि दोन्हीकडे सारखं, अंदाजे धार धरायची नाही आणि इंजिन ऑईल तर अजिबात नाही. तेलाच्या वर जी हवा राहते ती पण स्प्रिंगसारखं काम करते. तेल जास्त झालं की हवेला जागा कमी, खड्ड्यात शॉकअप दबला की दाब वाढतो, आणि तो दाब सीलला बाहेर ढकलतो. पाईप खालीवर करून आतली अडकलेली हवा काढली, पाईप पूर्ण खाली बसवून वरच्या काठापासून तेलापर्यंत पट्टीने परत मोजलं, डावा आणि उजवा सारखा आल्यावरच स्प्रिंग आत.

आता जोडणी, आणि इथंच बहुतेक ठिकाणी घाई होते. सगळे बोल्ट आधी हाताने, नुसते टेकलेले. दोन्ही पाईप वरच्या टीत सारख्या उंचीवर. चाक घातलं, ॲक्सल घट्ट केला, गाडी खाली घेतली, पुढचा ब्रेक दाबून पाचसहा वेळा जोरात दाबली. शॉकअपचे दोन्ही पाय आपापली जागा स्वतः शोधतात, आपण जबरदस्ती करायची नाही. मग खालची टी, मग वरची, सगळ्यात शेवटी मडगार्ड, कारण मडगार्ड आधी आवळलं की ते दोन पायांना आत ओढून धरतं आणि सगळी मेहनत पाण्यात. प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, पुस्तकात असेल तेवढाच. हा पाना मिस्त्रींनी गेल्या दिवाळीत घेतला, त्यांच्या गॅरेजमधली सगळ्यात महाग वस्तू, आणि तो वापरून झाला की फडक्यात गुंडाळून परत डब्यात जातो.

काच लावली.

(दृश्य: काच. चारी कोपरे. आवाज नाही.)

शेवटी डिस्क आणि ब्रेक पॅड. गळलेलं तेल पॅडवर गेलेलं होतं, पॅड नवीन घातले, तेल प्यायलेल्या पॅडने ब्रेक लागत नाही.

पोरगा मच्छेपर्यंत फिरवून आला. हँडलवरचे दोन्ही हात सोडले नाहीत, पण सैल केले होते, ते आम्ही मागच्या गाडीवरनं शूट केलंय. मिस्त्रींनी पांढरं फडकं पाईपवरनं फिरवलं, ओलसर नुसती झाक, थेंब नाही. बिलाच्या मागे बॉलपेनने तेलाचा आकडा आणि तारीख लिहून दिली, पुढच्या वेळी कुठल्याही मिस्त्रीकडे गेला तरी दाखव म्हणून.

"पाचशे किलोमीटर झाले की ये. बोल्ट बघायचे हायत. पैसे नाहीत त्याचे."

(दृश्य: दुधाचे रिकामे कॅन बांधलेली गाडी पिरनवाडीच्या दिशेने. मागे गॅरेजमध्ये मिस्त्री काच पुसून खिळ्यावरच्या पिशवीत ठेवतात.)