आधी आपलं नाव सांगा

(दृश्य: बेळगाव, वडगाव. पहाट. गल्लीतली बंद दारं. लांबून यंत्रमागाचा आवाज.)

अजून नीट उजाडलेलंही नाही. कुठल्यातरी घरात माग सुरू झालाय आणि त्या खडखडाटानं आमचे आप्पा उठून बसलेत. टोपी घालतात, चप्पल शोधतात. "कामाला जातो," म्हणतात. घरातला माग विकून कैक वर्षं झाली.

आप्पांचं वय ७६. चाळीसेक वर्षं त्यांनी साड्या विणल्या. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्झायमर असल्याचं सांगितलं. स्मृतिभ्रंशाचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण हेच.

त्यानंतर आम्ही पहिलं काय केलं, तर गेटला कुलूप लावलं. काळजीपोटीच लावलं, पण ती आमची चूक होती. आप्पा तासन्‌तास गेटचे गज धरून उभे राहायचे. हळूहळू जेवण कमी झालं, मग बोलणं. आम्हाला वाटलं, आजार वाढतोय.

एक दिवस वहिनीनं विचारलं, "आप्पा, तुम्हाला काय पाहिजे?" तोवर आम्ही डॉक्टरांना विचारलं होतं, पाहुण्यांना विचारलं होतं, शेजाऱ्यांना विचारलं होतं. खुद्द आप्पांना कुणीच विचारलं नव्हतं.

ते म्हणाले, "कोपऱ्यावर जाऊन चहा पितो. एकटा."

(दृश्य: आप्पा गल्लीतून चालताना, पाठीमागून.)

पहिले काही दिवस दादा वीस पावलं मागं राहून चालायचा. आता चहावाल्याला माहीत आहे, गिरणीत दळण घेऊन येणाऱ्या बायकांना माहीत आहे, रिक्षा स्टॉपवरच्या पोरांना माहीत आहे. आप्पांच्या खिशात एक कार्ड असतं. त्यावर नाव आणि घरचा नंबर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलाय. चहाचे पैसे महिन्याला वहीतून चुकते होतात, त्यामुळे सुट्ट्या पैशांचा हिशेब लागला नाही म्हणून त्यांना ओशाळं व्हावं लागत नाही.

हे आपोआप झालं नाही. देवळाच्या सभामंडपात गल्ली जमली होती. आप्पांना पुढं खुर्चीवर बसवलं आणि त्यांनाच बोलायला सांगितलं. बराच वेळ ते शब्द शोधत राहिले. कुणीतरी मधेच वाक्य पुरं करायला गेलं, तर वहिनीनं हातानं थांबवलं. मग आप्पा म्हणाले, "येतो तो विचारतो, मला वळखलासा काय? मी वळखत नाही. मग तो हसतो. मला लाज वाटते."

सभामंडप गप्प झाला. कारण आम्ही सगळे तेच करत होतो. भेटायला जायचं आणि दारातच परीक्षा घ्यायची: मी कोण सांगा बघू? ज्या गोष्टीसाठी त्या माणसाचा जीव आत तुटतोय, नेमकी तीच विचारायची.

त्या दिवशी गल्लीत एवढंच ठरलं. आधी आपलं नाव सांगायचं.

(दृश्य: सायकलवरचा मुलगा थांबतो. "आप्पा, मी गिरणीवाल्यांचा नातू. बसा की, सोडतो घरापर्यंत.")

आपल्याकडे या आजाराला म्हातारचळ म्हणायची सवय आहे. जपानमध्येही असाच एक शब्द होता, त्यात मंदबुद्धीचा अर्थ दडलेला. २००४ साली तिथल्या सरकारनं तो वापरातून काढून नवा शब्द आणला आणि पुढच्याच वर्षापासून साध्या नागरिकांना या आजाराची ओळख करून द्यायला सुरुवात केली. आपणही 'चळ' हा शब्द सोडून द्यावा, असं मला कळकळीनं वाटतं. भारतात साठीच्या पुढच्या दर शंभरात सात जण स्मृतिभ्रंशासह जगत असल्याचा अंदाज आहे. सगळे मिळून जवळपास ८८ लाख माणसं. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर. यातली कुठली गल्ली सुटली असेल?

आणि आपल्या सीमाभागात याला आणखी एक पदर आहे, भाषेचा.

आप्पा आयुष्यभर बाजारात फाडफाड कन्नड बोलले. हैदराबादला ६४८ रुग्णांचा एक अभ्यास झाला होता, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये या आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली होती, अगदी शाळेत न गेलेल्यांमध्येही. पण आजार वाढला की मागून शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते. आप्पांची कन्नड अशीच गळत चालली आहे. पलीकडच्या घरातल्या आजींचं उलट झालंय. त्यांचं माहेर कन्नड. मराठी त्या लग्नानंतर शिकल्या, आता मराठीत विचारलं तर नुसत्या बघत राहतात. आमची वहिनी त्यांच्या दारात जाते आणि म्हणते, "ऊटा आत्री?" म्हणजे, जेवण झालं का? आजींचा चेहरा फुलतो.

पहिल्या तपासणीच्या वेळी आप्पांना सगळे प्रश्न कन्नडमध्ये विचारले गेले. ते गोंधळले आणि कागदावर गुण कमी पडले. पुढच्या खेपेला आम्ही आधीच सांगितलं, मराठीत विचारा. मराठीत त्यांना बरंच जास्त आलं. ज्याच्या घरी असा माणूस आहे, त्यानं हे मागायला लाजू नये. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, आणि १४४१६ या टेली मानस नावाच्या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करून घरच्या माणसांनाही मन मोकळं करता येतं. वहिनीनं केला होता. तिचंही वर्षभर नीट झोपणं नव्हतं.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. गेल्या पावसाळ्यात आप्पा कोपरा चुकले आणि येळ्ळूरच्या रस्त्याला लागले. भातलावणीला आलेल्या बायकांनी कार्ड वाचलं आणि फोन केला. त्या रात्री घरात पुन्हा कुलपाचा विषय निघाला. खूप वादावादी झाली. कुलूप लावलं नाही.

(दृश्य: हातमागाची खोली. ताण्यावर वाकलेले आप्पा.)

चहा झाला की आता ते दोन घरं पलीकडच्या मागावर जातात. सूत तुटलं की मालक त्यांना हाक मारतात. तारीख, वार, नातवंडांची नावं, काही राहिलेलं नाही. पण बोटं तुटलेली दोन टोकं पकडतात आणि गाठ बसते.

"आप्पा, मी..." मालक सवयीनं नाव सांगायला लागतात.

"असू दे की," आप्पा मान वर न करता म्हणतात, "पुढचं सूत दे."