काळी मेंदी

[दृश्य: श्रावणातली संध्याकाळ. बाजारातल्या रस्त्याच्या कडेला मेंदीवाल्या, समोर पसरलेले हात.]

उद्या नागपंचमी. आज इथं बसायला जागा मिळायची नाही. कोन भराभर संपतायत, आणि बहुतेक कोनांवर हिरवं पान छापलंय. पानाखाली 'हर्बल'. त्याखाली जरा मोठ्या अक्षरात, 'दहा मिनिटांत गडद काळा रंग'.

या दोन गोष्टी एकाच कोनात मावत नाहीत.

[दृश्य: भिजवलेली मेंदी, मग हातावरचा केशरी रंग.]

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. पाला भिजला की ते सावकाश सुटतं आणि त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिन या प्रथिनाला धरून बसतं. लेप खरवडल्यावर हात आधी केशरी दिसतात. मग एक-दोन दिवसांत रंग चढत जातो. तांबूस होतो, तळहातावर तर चांगला गडद तपकिरी. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण ती सोजतची मेंदी आणा नाहीतर परसातला पाला वाटा, दहा मिनिटांत काळं काही होणार नाही. पानात तो रंगच नाही.

मग तो येतो कुठून?

[दृश्य: केसांच्या 'काळ्या मेंदी'चं पाकीट. कॅमेरा पुढची बाजू दाखवतो, मग पाकीट उलटतं.]

उत्तर केसांच्या पाकिटामागे सापडतं. पुढे लांबसडक केसांची बाई, मेंदी, आवळा, शिकेकाई. मागे बारीक अक्षरात घटकांची यादी, आणि तिच्यात एक लांबलचक नाव: पॅरा-फिनिलीनडायअमीन. काही ठिकाणी नुसतं पीपीडी. कुठे रंगाचा क्रमांक, ७६०६०. हे झाडपाल्यातलं नाही, कारखान्यात बनतं. जोडीला अनेकदा बेरियम पेरॉक्साइड असतं. पावडरीत पाणी घातलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि पीपीडीचा काळा रंग होतो. काम रासायनिक हेअर डायचंच. मेंदी बिचारी नावापुरती.

अशा डायवर भारतात इशारा छापावा लागतो. आधी थोड्या जागेवर लावून बघा. आणि भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. पानाफुलांच्या चित्रामागे 'अंधत्व' हा शब्द! पण पाकीट उलटून वाचतो कोण? पार्लरमध्ये विचारलं तर उत्तर तयार असतं: "काही होत नाही हो ताई, हर्बल आहे."

केसांच्या डायमध्ये पीपीडी कायद्यानं चालतं. युरोपीय संघात तर मर्यादा आहे: केसांवर लावताना दोन टक्क्यांहून जास्त नको. त्वचेवर थेट नक्षी काढायला मात्र ते तिथंही चालत नाही आणि अमेरिकेतही. रस्त्यावरच्या काळ्या कोनात ते असलं, तर किती घातलंय हे कोणी मोजलेलं नसतं, आणि कोनामागे यादीही नसते.

[दृश्य: हाताच्या पाठीवर उठलेली लालसर वेलबुट्टी.]

ॲलर्जी लगेच दिसत नाही, म्हणून तर फसगत होते. पहिल्यांदा मेंदी लावली, रंग छान आला, काहीच झालं नाही. त्याच वेळी शरीरानं मात्र पीपीडीची ओळख करून घेतलेली असू शकते. पुढच्या लग्नात पुन्हा तोच कोन, आणि दोन-तीन दिवसांत खाज, लाली, पाण्याचे फोड. तेही नक्षीबरहुकूम: जिथं वेल होती तिथं फोडांची वेल. फोड बसतात, पण डाग महिनोन्‌महिने राहू शकतात. ॲलर्जी सहसा जन्मभराची. मग पांढरे केस झाकायला डाय लावायचा म्हटलं तरी डोकं, कान, डोळे सुजू शकतात. कपड्यांतले काही रंग आणि बेन्झोकेन हे जागा बधिर करणारं औषधसुद्धा अशा माणसाला सोसेलच असं नाही.

[दृश्य: लोखंडी कढईत मेंदी कालवणारे हात.]

केस गडद हवेत तर आपल्याकडे जुना उपाय आहेच. लोखंडी कढई, चहाचं पाणी, आवळ्याची पूड, आणि रात्रभर भिजवण. चहा-आवळ्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून काळपट होतं, म्हणून कढईतली मेंदी सकाळी वेगळीच दिसते. आणखी काळे हवे असतील तर मेंदी धुतल्यावर नीळ, म्हणजे नीळीच्या पाल्याची पूड. दोनदा लावायचं, दोनदा धुवायचं. रविवार त्यातच जातो. दहा मिनिटांच्या पाकिटाचा खप उगाच नाही वाढला.

हाताला हवी असेल तर चाळलेली पूड, लिंबाचा रस, साखर, थोडं निलगिरीचं तेल. असा ताजा कोन बाहेर ठेवला तर काही दिवसांत उतरतो, फ्रीजरमध्ये टिकतो. त्यामुळे दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने उन्हात पडलेला कोन बघितला की मला तरी शंका येते. उघडल्यावर रॉकेल किंवा थिनरसारखा वास आला, तर परतच करा.

अस्सल मेंदीलाही एक अपवाद आहे, आणि तो बारशाच्या घरात ठाऊक असायला हवा. जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला मेंदी लावल्यास तांबड्या रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. तान्ह्या बाळाच्या तळव्यावर हौसेनं ठिपका काढण्याचा मोह आवरावा.

[दृश्य: त्वचारोग विभाग. पाठीवर चिकटवलेल्या छोट्या पट्ट्या.]

फोड उठलेच, तर हळद-चंदन थापत बसू नका. साध्या पाण्यानं धुवा, फोडू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. कोन किंवा पाकीट सोबत न्या. पुढे तिथं पॅच टेस्ट करता येते: व्हॅसलीनसारख्या मलमात मिसळलेलं अल्पसं पीपीडी पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवतात, पट्टी काढून बघतात, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. ॲलर्जी निघाली तर ती नोंद केसपेपरवर लिहून घ्या. दातांच्या डॉक्टरांपासून पार्लरपर्यंत ती दाखवावी लागते.